मुलांच्या चित्रांच्या पाठीवर काय लिहाल?

मुलांचे शाळेतले कागद आणि चित्रं घरात कशी सांभाळायची, हा या महिन्याचा विषय. पत्रं बरीचशी आयांची आली, पण आजोबांचं आणि बाबांचंही पत्र आलं याचा मला फार आनंद झाला. मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या शाळेत चित्रकला शिकवायची. निवृत्तीनंतर एका जुन्या बायंडरकडे बायंडिंग शिकले आणि आता गावातल्या वाचनालयाची फाटकी पुस्तकं शिवते. मुलांचा हात आणि कोकणातली हवा, दोन्ही जवळून पाहिल्यामुळे काही गोष्टी खात्रीनं सांगू शकते. पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : नमस्कार बाई. मुलगा तिसरीत आहे. बालवाडीपासूनची त्याची सगळी चित्रं, वह्या, वर्कशीट, ग्रीटिंग कार्डं मी ठेवली आहेत. दिवाणात तीन खोके भरलेत. घर वन-बीएचके. सासूबाई म्हणतात रद्दीत घाल, नवरा म्हणतो फोटो काढ आणि टाकून दे. मला काहीच टाकवत नाही. नेमकं काय ठेवू आणि कशात ठेवू?
— एक आई, डोंबिवली

उत्तर : सासूबाईंचं निम्मं म्हणणं बरोबर आहे. तीन खोक्यांतलं बरंचसं रद्दीतच जायला हवं. पण काय जायचं, ते तुम्ही आणि मुलानं मिळून ठरवायचं.

सगळे खोके एकदम उपसू नका. एका रविवारी एकच वर्ष घ्या, समजा सिनिअर केजीचं. जमिनीवर चादर पसरा आणि दोन ढीग करा. मुलानं स्वतःच्या मनानं काढलेलं एकीकडे, कुणीतरी छापून दिलेल्या आकृतीत रंग भरलेलं दुसरीकडे. हा दुसरा ढीग खुशाल द्या. छापील आंब्यात भरलेला पिवळा रंग वर्गातल्या सगळ्या मुलांचा सारखाच असतो, त्यात तुमचा मुलगा सापडत नाही. स्पर्धेसाठी आपण मोठी माणसं ज्या चित्रांना ‘जरा हात लावतो’, त्यांचंही तेच, मग भले बक्षीस मिळालेलं असो. मी परीक्षक म्हणून बसले आहे. मोठ्या माणसाची रेघ लगेच कळते, आणि त्या रेघेखाली मुलाची स्वतःची रेघ पुसली गेलेली पाहून मला प्रत्येक वेळी वाईट वाटलं आहे.

आता पहिला ढीग. यात शोधायचं ते मुलाचा हात कुठे बदलला ते. तीन-साडेतीन वर्षांचं मूल माणूस काढतं तेव्हा डोक्यालाच हातपाय फुटतात, पोट नसतंच. पाच-सहाच्या सुमारास कागदाच्या तळाशी जमिनीची रेघ येते, वरच्या कडेला आभाळाची निळी पट्टी येते आणि मधली जागा कोरी राहते. घराच्या भिंती आरपार असतात. आतली आजी, गॅस, पंखा सगळं बाहेरून दिसतं. आठ-नऊच्या पुढेमागे एका वस्तूच्या मागे दुसरी वस्तू लपायला लागते. बहुतेक मुलं थोडी पुढेमागे याच वाटेनं जातात. तुमच्या मुलानं जिथे जिथे पुढचं पाऊल टाकलं, तो तो कागद ठेवा. पहिला बिनपोटाचा माणूस ठेवा. स्वतःचं नाव पहिल्यांदा लिहिलेला कागद ठेवा, आणि त्यात एखादं अक्षर उलटं असेल तर नक्कीच ठेवा. अशानं एका वर्षाचे दहा-बारा कागद उरतात. तेवढे भरपूर झाले.

माझं सर्वांत आग्रहाचं सांगणं पुढे आहे. ठेवलेल्या प्रत्येक चित्राच्या पाठीवर, खालच्या कोपऱ्यात, शिसपेन्सिलीनं तारीख, मुलाचं वय आणि चित्राबद्दल मूल जे बोललं ते त्याच्याच शब्दांत लिहा. तिसरीतल्या एका मुलानं गणपतीपेक्षा उंदीर मोठा काढला होता. वर्गातली मुलं हसली. मी विचारलं तर म्हणाला, “बाई, उंदीर माझ्याजवळ आहे. गणपती लांब बसलाय.” जवळचं मोठं दिसतं आणि लांबचं लहान, हे त्याला मी शिकवलेलं नव्हतं. ते वाक्य मी चित्राच्या पाठीवर लिहून कागद त्याच्या आईकडे दिला. ते वाक्य नसतं तर कुणीही तो कागद पाहून ‘गणपती जमला नाही’ असंच म्हटलं असतं. म्हणून आज तुमचा मुलगा शेजारी बसला असताना विचारून घ्या. ‘हे काय आहे?’ असं विचारू नका, मुलं त्यानं हिरमुसतात. ‘यात काय चाललंय ते सांग ना’ असं विचारा, मग बघा किती बोलतो. तारीख आठवत नसेल तर ‘दुसरीचा पावसाळा’ एवढं लिहिलं तरी चालेल.

पेन्सिलच का, तर बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि शाईच्या पेनाचं लिहिलेलं ओल लागली की पसरतं. पेन्सिलीचं ग्रॅफाइट पाण्यानं वाहत नाही आणि उजेडानं उडत नाही.

वह्यांपैकी निबंधाची एक वही आणि पहिलीतली अक्षर गिरवलेली दुरेघी ठेवा, बाकीच्या जाऊ द्या. जाण्याआधी कोरी पानं काढून मे महिन्यात त्यांची कच्ची वही शिवा. आमच्या लहानपणी हे घरोघर चालायचं आणि मुलांना ते शिवणं फार आवडतं. रद्दीत देताना आधार कार्डाच्या झेरॉक्स, पत्ता आणि फोन असलेले शाळेचे फॉर्म बाहेर काढून फाडायला विसरू नका.

ठेवायला साडीचा पुठ्ठ्याचा खोका उत्तम, ए-फोर कागद त्यात बहुधा न मुडपता बसतो. करडा पुठ्ठा मात्र आम्लधर्मी असतो आणि त्याला चिकटलेला कागद पिवळा पडतो, म्हणून आत चांगल्या पांढऱ्या कागदाचं अस्तर द्या. मिठाईचा खोका नको, त्याच्या तुपकट वासाला मुंग्या आणि झुरळं येतात. तेली खडूनं रंगवलेल्या चित्रांवर एकेक बटर पेपर ठेवा, कारण हे खडू वर्षानुवर्षं पुरते वाळत नाहीत आणि वरच्या कागदावर रंग उठतो. पोस्टर कलरचं चित्र गुंडाळी करून ठेवू नका, रंगाचे पोपडे सुटतात. यूपिन, टाचण्या, स्टेपलच्या पिना, रबरबँड सगळं काढून टाका. पिना गंजतात आणि तो तांबडा डाग कागदाला कायमचा राहतो.

दिवाण चालेल, फक्त तो बाहेरच्या किंवा बाथरूमच्या भिंतीला टेकलेला नसावा. माळ्यावर ठेवू नका, तिथे उन्हाळ्यात भट्टी आणि पावसाळ्यात गळती. भर पावसाळ्यात कागद प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधले तर हवेतली ओल आतच कोंडते आणि बुरशी येते. ऑक्टोबरची कोरडी हवा सुरू झाली की खोका उघडून कागद दिवसभर सावलीत, पंख्याखाली मोकळे ठेवा आणि मग बंद करा. डांबराच्या गोळ्या लहान मुलांच्या घरात नकोत, त्यांची वाफ तान्ह्या बाळांना घातक ठरू शकते. पोथ्यांच्या दप्तरात पूर्वीपासून वेखंडाची पुरचुंडी ठेवत आले आहेत, तुम्हीही ठेवा, फक्त मुलांच्या हाती लागू देऊ नका.

आणि नवऱ्याची फोटोची सूचना मोडीत काढू नका. जे चार्ट, मोठे तक्ते, प्रकल्प ठेवायला जागा नाही त्यांचे फोटो काढाच. सकाळी खिडकीजवळ, फ्लॅश बंद, फोन कागदाला अगदी समांतर. फोटोला ‘२०२४-०८ दुसरी पाऊस’ असं वर्ष आधी घालून नाव दिलं की सगळं आपोआप क्रमानं लागतं. एक प्रत फोनबाहेर, शक्यतो मामाच्या किंवा आत्याच्या घरच्या संगणकावर ठेवा.

प्रश्न : बाई, २२ जुलै २०२१च्या पुरात आमच्या तळमजल्यात पाणी शिरलं. मुलीच्या चित्रांचा गठ्ठा भिजला. तेव्हा घरच उचलून काढायचं होतं, गठ्ठा तसाच वाळला आणि आता त्याची वीट झाली आहे. उकलेल का?
— एक बाबा, चिपळूण

उत्तर : काही उकलेल. वाशिष्ठीच्या त्या पाण्यानं तुमच्या गावातल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातल्या ग्रंथांनाही सोडलं नाही, तेव्हा घरातल्या गठ्ठ्याचं काय होणार होतं. तुम्ही तो इतकी वर्षं टाकला नाही, हेच मोठं आहे.

मास्क आणि हातमोजे घाला, पुराच्या गाळात सांडपाणी असतं. गठ्ठा उघड्यावर नेऊन मऊ ब्रशनं सुका गाळ आणि बुरशी झटका. झाकणाचं मोठं प्लास्टिकचं घमेलं किंवा डबा घ्या. तळाशी ओला करून घट्ट पिळलेला टॉवेल, त्यावर चाळणी किंवा जाळी, जाळीवर गठ्ठा. पाणी गठ्ठ्याला लागता कामा नये, फक्त दमट हवा लागावी. झाकण लावून चार-सहा तास ठेवा आणि मधूनमधून बघा. कडेचा कागद मऊ झाला की चपट्या बांबूच्या काडीनं किंवा पातळ स्टीलच्या पट्टीनं कोपऱ्यातून हळूहळू आत सरका. सुटलेला कागद दोन टीपकागदांच्या मध्ये ठेवून वर जड पुस्तकं ठेवा आणि टीपकागद ओला झाला की बदला. जिथे अडेल तिथे ओढू नका, पुन्हा दमट हवेत ठेवा. रात्रभर मात्र डब्यात ठेवू नका, बुरशी परत धरेल.

पेन्सिलीचं आणि मेणखडूचं चित्र बऱ्यापैकी वाचलेलं असेल. स्केचपेन पसरलेलं असणार. गुळगुळीत चकचकीत कागद एकमेकांना चिकटून वाळले असतील तर ते बहुतेक सुटत नाहीत, त्यांच्यामागे लागून बाकीचे फाडू नका.

पुढच्या पावसाळ्यासाठी एक गोष्ट लक्षात ठेवा. भिजलेल्या कागदावर दोन-तीन दिवसांत बुरशी उगवते. तेवढ्यात वाळवणं शक्य नसेल आणि कुठे वीज असलेला डीप फ्रीजर मिळाला, अगदी आइस्क्रीमच्या दुकानातला, तर गठ्ठा पिशवीत घालून गोठवा. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही आणि सवड मिळेल तेव्हा थोडे थोडे कागद काढून वाळवता येतात. ग्रंथालयांत हीच पद्धत वापरतात. आणि खोका पहिल्या मजल्यावरच्या नातलगाकडे ठेवता आला तर जून लागायच्या आत नेऊन ठेवा.

प्रश्न : ताई, नातवाची चित्रं मी दिवाणखान्यात भिंतीवर सेलोटेपनं लावतो. दोन वर्षांत स्केचपेनचे रंग उडाले. लॅमिनेशन करून घेऊ का?
— एक आजोबा, नागपूर

उत्तर : आजोबा, लॅमिनेशन नको. त्यात कागद तापलेल्या रुळांतून जातो, मेणखडू आणि तेली खडू वितळून पसरतात आणि एकदा चिकटलेलं प्लास्टिक नंतर निघत नाही. शिवाय रंग उडतो तो उजेडानं, आणि तो प्लास्टिकमधूनही येतोच. स्केचपेनच्या शाईत जे रंग असतात ते उन्हात टिकत नाहीत, खिडकीसमोरच्या भिंतीवर तर नाहीच. भिंतीवर रंगीत झेरॉक्स लावा आणि मूळ चित्र खोक्यात ठेवा. लोकांना फरक कळत नाही. नातवाला कळतो, म्हणून त्याला आधी सांगा की ‘तुझं खरं चित्र मी नीट जपून ठेवलंय.’

सेलोटेपचा गोंद पिवळा होऊन कागदात मुरतो. त्याऐवजी भिंतीवर दोन खिळ्यांना सुतळी बांधून लाकडी चिमटे लावा, दर महिन्याला चित्र बदला आणि बदललेल्याच्या पाठीवर तारीख घाला. एखादं फ्रेम करायचंच असेल तर काच आणि चित्र यांच्यामध्ये माउंट, म्हणजे मधोमध खिडकी कापलेला जाड पुठ्ठा, घालायला सांगा, नाहीतर खडूचा रंग काचेला चिकटतो. आणि तुमच्याकडे उन्हाळाभर कूलर चालतो. त्याची ओली हवा थेट चित्रांच्या कपाटावर येत नाही ना, ते पाहा.

प्रश्न : तांदूळ, डाळी, शेवया चिकटवून केलेली चित्रं कशी टिकवावीत?
— एक आई, पणजी

उत्तर : टिकवू नका. धान्यात पोरकिडे होतात, खळीला कसर लागते आणि मग शेजारचे चांगले कागदही जातात. छान उजेडात फोटो काढा, मुलाबरोबर निरोप द्या.

प्रश्न : आम्ही चित्रं नाही, पण शाळेचे कागद ठेवतो. नेमके कोणते कायमचे ठेवायचे? घरात वडिलांच्या शाळेचा एक जीर्ण दाखलाही सापडला आहे.
— एक बाबा, सातारा जिल्हा

उत्तर : तो जीर्ण दाखला आजच वेगळा काढा. जात पडताळणीत वडिलांकडच्या पिढ्यांचे शाळेचे पुरावे लागतात आणि ते ठरावीक तारखांच्या आधीचे असावे लागतात: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. आजोबा-पणजोबांच्या प्राथमिक शाळेच्या रजिस्टरमधली एक ओळ नातवंडाच्या प्रवेशाच्या वेळी कामी येते. घडीवर फाटला असेल तर सेलोटेप लावू नका आणि लॅमिनेशनही करू नका, त्यावरचे शिक्के आणि कागद नीट तपासता येत नाहीत. सपाट करून स्वच्छ पॉलिप्रॉपिलिनच्या फोल्डरमध्ये ठेवा. पीव्हीसीचा मऊ, वास मारणारा फोल्डर नको, झेरॉक्सची आणि छपाईची शाई त्याला चिकटून निघते. शाळा अजून चालू असेल तर रजिस्टरचा साक्षांकित उतारा आताच मागून घ्या, जुनी रजिस्टरंही वाळवी खातेच.

मुलांचे म्हणाल तर जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका आणि प्रमाणपत्रं हे कायमचं. १ ऑक्टोबर २०२३ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळांना पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो, तेव्हा धाकट्या मुलांच्या दाखल्यावरचं नाव आणि स्पेलिंग आताच तपासा. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ग्रेड परीक्षांची प्रमाणपत्रं दहावीच्या वाढीव गुणांसाठी लागतात. दहावीच्या वर्षी ती सापडत नाहीत म्हणून रडकुंडीला आलेले पालक मी पाहिले आहेत. प्रगतिपुस्तकं कायद्यानं फारशी लागत नाहीत. मी तरी शिक्षकांच्या हस्ताक्षरातला शेरा असलेली ठेवीन.

तुम्ही लिहिता, ‘आम्ही चित्रं नाही ठेवत.’ तुमच्या वडिलांचा तो दाखला हातात घेऊन तुम्ही किती वेळ बसलात, ते पत्रात लिहिलंच आहे. त्यात त्यांचं फक्त नाव आणि तारीख आहे. तुमच्या मुलांनी काढलेली दोन-चार चित्रंही त्या फोल्डरशेजारी राहू द्या, अशी माझी मनापासून विनंती आहे.

प्रश्न : बाई, मुलगी तेरा वर्षांची आहे. तिची लहानपणीची चित्रं मी जिवापाड जपली. परवा तिनं मैत्रिणींसमोर लाज वाटते म्हणून सगळी फाईल फेकायला काढली. मी लपवून ठेवली आहे. दुसरीतली तिची कवितांची वहीसुद्धा होती, तिची पानं सुटली आहेत. मी चुकते आहे का?
— एक आई, नाशिक

उत्तर : तुमची माया कळते. पण लपवू नका. ती तिची चित्रं आहेत, आणि तेराव्या वर्षी मुलांना आपल्याच जुन्या हाताची लाज वाटते. माझ्या आठवीच्या वर्गात ज्यांना स्वतःचं जुनं चित्र पाहवत नसे, तीच मुलं पुढे वीस-बावीसची झाल्यावर शाळेत येऊन ‘बाई, माझं काही राहिलंय का तुमच्याकडे?’ असं विचारायची.

फाईल तिच्यासमोर ठेवा आणि सांगा की मी लपवली होती, आता तू ठरव. तिला नको ते तिनं स्वतः काढू दे. काढलेले कागद एका पिशवीत घालून सहामाही परीक्षा होईपर्यंत बाजूला ठेवू या, असा करार करा. तोवर मन बदललं नाही तर जाऊ द्या. त्यातले पाच तुम्हाला हवे असतील तर तिच्याकडे मागा. ते तिच्या खोलीत नकोत, पाहुण्यांना दाखवायचे नाहीत, फोनवर कुणाला पाठवायचे नाहीत, असा तुमचा शब्द द्या आणि पाळा. तिनं फाडलेलं टोपलीतून काढून जोडू नका.

कवितांची वही तिनं ठेवायची म्हटली तर दोघी मिळून शिवा. पानं अजून जोडीनं दुमडलेली असतील तर क्रमानं एकात एक बसवा आणि वही मधोमध उघडा. जुन्या पिनांची भोकं सोडून घडीवर सारख्या अंतरावर तीन नवी भोकं दाभणानं पाडा. मेण लावलेला जाड सुती दोरा घ्या. आतून बाहेर मधल्या भोकातून जा, बाहेरून वरच्या भोकातून आत, आतून थेट खालच्या भोकातून बाहेर, आणि परत मधल्या भोकातून आत या. दोऱ्याची दोन्ही टोकं मधल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना ठेवून त्यावरच गाठ मारा. घडीवर पान फाटून सुटं झालं असेल तर मैद्याच्या पातळ खळीनं बायंडिंगच्या पातळ, चिवट टिश्यू कागदाच्या अरुंद पट्टीवर ते जोडून मग शिवा. खळ पूर्ण वाळल्याशिवाय वही मिटू नका, एक रात्र तरी लागेल.